सिलिंडरविना हिरवाई

काचेतलं पाणवन : लेखांक ७

गेल्या लेखांकात सिलिंडर, रेग्युलेटर, सोलेनॉइड आणि डिफ्यूझर यांची जोडणी आपण पाहिली. ते वाचताना काहींच्या मनात आलं असेल, की एवढा लोखंडी पसारा घरात मांडायचा, संपला की भरून आणायला न्यायचा, लहान मुलांपासून जपायचा. हे जमणार नसेल तर पाणवनस्पतींचा नाद सोडावा का? मुळीच सोडू नये. माझी दोन फुटी टाकी सहा वर्षं सिलिंडरशिवाय हिरवीगार आहे. पण त्याआधीची दोन वर्षं मी ‘सिलिंडरऐवजी काय लावू?’ या एकाच प्रश्नामागे धावण्यात घालवली. विचारायला हवं होतं ते असं : माझ्या पाण्यात जेवढा कार्बन आहे, तेवढ्यावर कोणती झाडं किती प्रकाशात सुखानं जगतील?

अडचण नेमकी कुठे आहे

वाळवलेल्या वनस्पतीच्या वजनात साधारण ४० टक्के कार्बन असतो. जमिनीवरच्या झाडाला तो हवेतून मिळतो. पाण्याखालच्या पानाची गोष्ट वेगळी. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात, २५ अंश तापमानाला, लिटरमागे जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. सिलिंडर लावणारे हौशी लोक हेच प्रमाण २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. त्यात भर म्हणजे हा वायू हवेपेक्षा पाण्यात सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. पानाला लगटून पाण्याचा एक स्तब्ध पापुद्रा असतो. पानानं त्यातला वायू ओढून घेतला, की नवा वायू तिथवर पोचायला वेळ लागतो.

अशा पाण्यावर आपण झगझगीत एलईडी लावतो तेव्हा काय होतं? चुलीखाली जाळ मोठा आणि पातेल्यात पाणी पेलाभर, अशी अवस्था होते. झाडाची वाढ कार्बनपाशी अडते, आणि न वापरलेल्या प्रकाशावर शेवाळ पोसलं जातं. सिलिंडरवाले पातेलं भरतात. आपल्याला पातेल्यात थोडी भर घालता येते, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे जाळ कमी करता येतो.

साखर आणि यीस्ट

भर घालण्याचा सर्वांत जुना घरगुती उपाय आंबवण्याचा. शीतपेयाच्या दोन लिटरच्या बाटलीत साखरेचं पाणी, त्यात पाव चमचा यीस्ट, झाकणातून निघालेली नळी टाकीत. यीस्ट साखर खातं. अल्कोहोल बाटलीत राहतं आणि वायू नळीतून बाहेर पडतो. २०० ग्रॅम साखर पूर्ण आंबली, तर हिशेबानं १०० ग्रॅमच्या आसपास वायू मिळतो. खर्च नगण्य.

मात्र यीस्टवर आपला ताबा नसतो. ते तापमानाचं ऐकतं. डिसेंबरात माझी बाटली दोन आठवडे संथपणे चालायची. एप्रिलमध्ये पुण्यातला पारा चढला तशी तीच मात्रा पाच दिवसांत संपली. पहिले दोन दिवस बुडबुड्यांचा लोट, नंतर शुकशुकाट. झाडांना या हेलकाव्यांशी जुळवून घेता आलं नाही. पानांच्या कडांवर काळं, केसाळ शेवाळ धरलं, ते खरवडूनही जाईना. याहून मोठा धोका रात्रीचा. दिवे मालवल्यावर झाडं कार्बन डायऑक्साइड घेणं थांबवतात आणि माशांसारखीच प्राणवायू वापरू लागतात. बाटली मात्र बुडबुडे सोडतच राहते. एका सकाळी माझे गप्पी पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकत होते. एअर पंप लावल्यावर ते सावरले, पण ते दृश्य विसरता येत नाही.

ज्यांना हा मार्ग घ्यायचा आहे त्यांनी चार गोष्टी पाळाव्यात. टाकी लहान असावी. मधे पाण्याची दुसरी बाटली ठेवावी, म्हणजे फेस टाकीत जाणार नाही. चेक व्हॉल्व्ह लावावा, म्हणजे टाकीतलं पाणी उलटं येणार नाही. आणि वायूची वाट कधीही पूर्ण बंद करू नये. दाबानं बाटली फुटते.

लिंबूसत्त्व आणि खाण्याचा सोडा

ढोकळा फुलतो त्या क्रियेवर चालणारा हा उपाय. दोन बाटल्या, एकीत सायट्रिक अ‍ॅसिड म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, दुसरीत सोडा. १०० ग्रॅम लिंबूसत्त्वाला साधारण १३० ग्रॅम सोडा लागतो आणि त्यातून सुमारे ६९ ग्रॅम वायू निघतो. बारीक नियंत्रणाचा व्हॉल्व्ह लावता येत असल्यानं बुडबुड्यांचा वेग यीस्टपेक्षा खूप स्थिर राहतो आणि रात्री तो बंदही करता येतो. पण बंद बाटलीत दाब साठतो, म्हणजे हा सिलिंडरचाच धाकटा भाऊ. सुरक्षा व्हॉल्व्ह असलेलं तयार झाकण वापरावं. काचेची बाटली कधीच नाही.

‘लिक्विड कार्बन’बद्दल स्पष्टपणे

या नावानं मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांत ग्लुटाराल्डिहाइड किंवा त्याचंच एखादं रूप असतं. रुग्णालयात उपकरणं निर्जंतुक करायला याच रसायनाचं २ टक्क्यांच्या आसपासचं द्रावण वापरतात. झाडं त्यातला कार्बन घेतात असा दावा केला जातो; डोळ्यांना ठळक दिसतो तो शेवाळावरचा मारा. व्हॅलिसनेरिया, एजेरिया अशा कोवळ्या वनस्पती यानं विरघळल्यासारख्या गळून पडतात, मात्रा चुकली तर मासे आणि कोळंब्याही मरतात. त्वचेला आणि श्वासनलिकेलाही ते त्रासदायक. सिलिंडरला पर्याय म्हणून मी याची शिफारस करत नाही.

तळ्यातला चिखल काय करतो

आता माझ्या मनाजोगत्या वाटेकडे येतो. जपानचे ताकाशी आमानो (१९५४–२०१५) यांनी जलोद्यानाला कलेचा दर्जा दिला. त्यांच्या शैलीत भरपूर प्रकाश आणि बाहेरून दिलेला कार्बन डायऑक्साइड यांची सांगड होती. दुसऱ्या टोकाला अमेरिकेच्या डायना वॉलस्टॅड. १९९९ मध्ये आलेल्या ‘इकॉलॉजी ऑफ द प्लँटेड अ‍ॅक्वेरियम’ या पुस्तकात त्यांनी मांडलं, की टाकीतले जिवाणू, माती आणि माशांचं खाणं मिळून झाडांना कार्बन पुरवू शकतात.

तळ्यात हेच घडत असतं. तळाच्या चिखलात पानं कुजतात, जिवाणू ती फोडतात आणि पाण्यात हवेच्या समतोलापेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सुटतो. टाकीत याची नक्कल करायची तर तळाशी साधारण २.५ सेंटिमीटर मातीचा थर आणि वर तेवढाच बारीक खडीचा. माती साधी बागेतली, रासायनिक खत आणि शेणखत न घातलेली. तिला दोन-तीनदा भिजवून वाळवून घेतलं, की सुरुवातीचा अमोनिया कमी होतो. पहिल्या दिवसापासून झाडं दाट लावावीत आणि पाण्यातला अमोनिया तपासूनच मासे सोडावेत. मातीतला कच्चा माल काही महिन्यांत ओसरतो. तेव्हा कार्बन पुरवण्याची जबाबदारी माशांच्या खाण्यावर येते. आपण टाकलेला दाणा मासे खातात, श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडतात. विष्ठा जिवाणू फोडतात. सिलिंडर नसलेल्या टाकीत कार्बन आणणारा मुख्य हात आपला रोजचा चिमूटभर दाण्याचाच.

दुपारची झोप

वॉलस्टॅड यांची आणखी एक सूचना मला फार मोलाची वाटते. सकाळी चार-पाच तास दिवे लागले, की झाडं रात्रभर साठलेला वायू संपवतात. मग दिवे तसेच चालू ठेवण्याऐवजी दुपारी चार तास बंद करायचे. त्या वेळात मासे आणि जिवाणू साठा पुन्हा भरतात, आणि संध्याकाळी आणखी चार तास प्रकाश दिला तर झाडांना खायला काही उरलेलं असतं. स्वस्तातला टायमर एवढंच साहित्य. माझ्या टाकीत शेवाळ हटलं ते हा बदल केल्यावर आणि एलईडी निम्म्यावर आणल्यावर.

झाडं निवडताना

काही वनस्पती या टंचाईतच घडलेल्या आहेत. आपल्याकडच्या तळ्यांतली हायड्रिला घ्या. पाण्यातला वायू घटला, की ती ऊस आणि ज्वारी ज्या पद्धतीनं कार्बन पकडतात त्या पद्धतीकडे वळते. व्हॅलिसनेरिया आणि हॉर्नवर्ट पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन मिळवतात. म्हणून दख्खनच्या जड बोअरच्या पाण्यात त्या चांगल्या वाढतात, तर धरणाच्या मऊ पाण्यात हा साठा मुळातच कमी असतो. मॉस मात्र मोकळ्या वायूवरच अवलंबून, त्यामुळे ती हळूहळू पसरते.

जावा फर्न, अनुबियास आणि क्रिप्टोकोरायन सावकाश वाढतात, म्हणून थोडक्यात भागवतात. क्रिप्टोकोरायनच्या काही जाती पश्चिम घाटातल्या वाहत्या नद्यांतल्याच. पण नदीतून किंवा कासच्या पठारावरून काही उपटून आणू नका. तिथला वायतुरा, अपोनोजेटॉन सातारेन्सिस, जगात फार थोड्या जागी उरला आहे. दुकानात लागवडीची रोपं मिळतात, तीच घ्या.

टाकीच्या कडेला मनीप्लांटची फांदी मुळं पाण्यात राहतील अशी अडकवा. तिची पानं हवेतून कार्बन घेतात, त्यामुळे टंचाईचा तिच्यावर परिणाम होत नाही. मुळं मात्र पाण्यातला अमोनिया आणि नायट्रेट ओढतात आणि शेवाळाचं अन्न कमी करतात.

काय मिळणार नाही, हेही सांगायला हवं. जमिनीलगतचा दाट हिरवा गालिचा आणि लालभडक पानांची रांग या टाकीत सहसा साधत नाही. सिलिंडरच्या टाकीत आठवड्याला कात्री चालवावी लागते. माझ्या टाकीत महिन्यातून एकदा. या संथपणाचा मला सहा वर्षांत कंटाळा आलेला नाही. क्रिप्टोकोरायनचं एक नवं पान उलगडायला दिवस लागतात, आणि ते उलगडताना बघायला मी रोज सकाळी दिवे लागण्याआधी टाकीसमोर बसतो.

पुढच्या लेखांकात : माती भरण्यापासून पहिल्या माशापर्यंतचे सहा आठवडे, दिवसागणिक.