भिंतीवरची खूण

दसरा सरला की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवायच्या. दोघांपैकी एकाचा हात खांद्याच्या वर जाईना, तर काम निम्म्यावर येतं आणि घेतलेली उचल मात्र तेवढीच राहते. म्हणून छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन इथल्या बाईच्या लेखी टाके निघाले म्हणजे संपलं, असं होत नाही. डोक्यावर पदर घेता येतो का, झंपरात हात जातो का, वेणी घालता येते का, यावर ती आपलं बरं होणं मोजते. सर्जनच्या फायलीत यातलं काहीच नसतं.

हात का आखडतो, याचा इतिहास ऑपरेशनच्या इतिहासातच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेड यांनी रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे दोन्ही स्नायू आणि काखेतल्या गाठी काढून टाकत. बाई वाचली तरी हात सुजायचा, खांदा धरायचा. पाऊणशे वर्षं हीच रीत राहिली. 1948 साली लंडनच्या पेटी यांनी छातीचा मोठा स्नायू वाचवणारी पद्धत मांडली. 1981 मध्ये मिलानच्या वेरोनेसी यांनी आणि 1985 मध्ये अमेरिकेच्या बर्नार्ड फिशर यांनी दाखवलं, की गाठ लहान असेल तर स्तन राखूनही बाई तेवढीच जगते. 1990 नंतर काखेतल्या पहिल्या एक-दोन गाठी तपासून बाकीच्यांना हात न लावण्याची सोय झाली. पण ही सवलत लवकर आलेल्या बाईला. उशिरा आलेल्या बाईची काख अजूनही साफ करावीच लागते, आणि आपल्याकडे उशीर हीच तर रडकथा.

या साऱ्या नामवंत सर्जनांच्या गर्दीत मला टेरेसी लॅसर जास्त महत्त्वाच्या वाटतात. त्या डॉक्टर नव्हत्या. 1952 मध्ये न्यूयॉर्कला त्यांचं ऑपरेशन झालं; हाताचं पुढे काय करायचं हे कुणी नीट सांगेना, म्हणून त्या स्वतःच दुसऱ्या बायकांच्या खाटेशी जाऊ लागल्या. सोबत दाबायला रबरी चेंडू आणि ओढायला दोरी. डॉक्टरांना हे फारसं रुचलं नाही. पण ऑपरेशन झालेली बाई समोर उभी राहून हात वर करून दाखवते, याची सर कुठल्या छापील कागदाला येणार? 1969 मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तो उपक्रम आपल्याकडे घेतला.

आपल्याकडे 1941 मध्ये परळला टाटा हॉस्पिटल उघडलं, आणि पुढची कितीतरी वर्षं बीडच्या माणसाला कॅन्सर म्हणजे मुंबईच. 1970च्या दशकात अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आलं. शेजारच्या बार्शीत कॅन्सर हॉस्पिटल उभं राहिलं आणि 1987 पासून तिथे खेड्यापाड्यांतल्या कॅन्सरची नोंदणी सुरू झाली, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. 2012 मध्ये औरंगाबादला सरकारी कॅन्सर रुग्णालय झालं, 2013 अखेर जीवनदायी योजना सगळ्या जिल्ह्यांत पोचली. ऑपरेशन जवळ आलं, पैशाचा घोर थोडा हलका झाला. व्यायाम मात्र घरी सोडतानाच्या कागदावरच्या एका ओळीत राहिला.

2012 ते 2016 या काळात देशातल्या 28 नोंदण्यांमध्ये बायकांच्या कॅन्सरचं सर्वांत कमी प्रमाण उस्मानाबाद-बीडमध्ये आढळलं: वयाचा हिशेब लावून लाखाला 49.4. आकडा ऐकून बरं वाटतं. पण त्याची दुसरी बाजू अशी, की गावात यातून गेलेली दुसरी बाई सहसा भेटत नाही. हात वर करून दाखवणार कोण?

व्यायाम कधी सुरू करायचा, यावरही मतं हेलकावे खात आली. पूर्वी हात बांधून ठेवत. मग दुसऱ्याच दिवशी हलवा म्हणू लागले. 2010 च्या एका मोठ्या आढाव्यात 24 अभ्यास एकत्र पाहिले गेले; लवकर सुरुवात केली तर खांदा चांगला सुटतो, पण जखमेतून पाणीही जास्त येतं, असं दिसलं. 2021 मध्ये ब्रिटनमधल्या 392 बायकांच्या अभ्यासात सात ते दहा दिवसांनी शिकवून सुरू केलेल्या व्यायामानं वर्षभरानंतरही हात अधिक चालता राहिला. आता साधारण रीत अशी: पहिल्या दिवसापासून मूठ, मनगट, कोपर हलवायचं, खांदे उचलून सोडायचे, जखमेतली नळी निघेपर्यंत हात खांद्याच्या रेषेच्या वर न्यायचा नाही. नंतर सर्जनला विचारून ताण वाढवायचा. किरणं द्यायची असतील तर हे टाळता येत नाही, कारण त्या टेबलावर हात डोक्याच्या वर ठेवून निश्चल पडावं लागतं.

सगळ्यात साधा व्यायाम भिंतीचा. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटं गोगलगाईसारखी वर चढवत न्यायची, ताण लागला की थांबून श्वास घ्यायचा, पोचलो तिथे खडूनं खूण करायची. उद्या तिच्या बोटभर वर. मग काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताच्या जोरावर दुसरा उचलायचा. काखेतून कोपरापर्यंत तारेसारखी दोरी लागली तर घाबरून हात आवरून धरू नये, फिजिओला दाखवावा. ती बहुधा सुटते. दंडाची आतली बाजू मात्र बरेच दिवस बधिर राहते. तिथे उसाच्या पातीनं चिरलेलं कळतही नाही, आणि काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला चिरेतून जंतू गेले तर सूज धरते. पूर्ण बाह्यांचा शर्ट टोळीतल्या बायका साडीवर घालतातच. तो या हाताला औषधाइतकाच गरजेचा.

आता अडचण अशी, की हे सगळं भिंत आहे असं धरून सांगितलेलं. सहा महिने फडावर राहणाऱ्या बाईच्या कोपीला भिंत नसते. चार बांबू आणि वर ताडपत्री. मग ट्रॉलीचा फाळका आहे, बांधावरची बाभळ आहे. काटे बघून हात टेकायचा आणि खूण खोडावर कोयत्याच्या टोकानं करायची.