पाळलेलं लेकरू

टोरांटोकर मंडळींना २०१२ सालचा डिसेंबर महिना नक्की आठवत असेल. ९ तारखेला, रविवारी, नॉर्थ यॉर्कमधल्या आयकिया या फर्निचरच्या दुकानाबाहेर पार्किंग लॉटमध्ये एक माकडाचं पिल्लू हिंडताना लोकांना दिसलं. अंगात लोकरी अस्तराचा रुबाबदार कोट, खाली डायपर, आणि चेहरा जत्रेत हरवलेल्या पोरासारखा. कुणीतरी फोटो काढला आणि बघता बघता स्वारी जगप्रसिद्ध झाली.

पिल्लाचं नाव डार्विन. जात जपानी मकाक, म्हणजे बर्फात राहणारी आणि गरम पाण्याच्या कुंडात बसलेली जी माकडं आपण चित्रांत पाहतो, ती. त्याला पाळणाऱ्या बाई इथल्याच एक वकील. बाई दुकानात गेल्या असताना हे महाशय आधी पिंजऱ्यातून आणि मग मोटारीतून बाहेर पडले. टोरांटो शहरात माकड पाळायला बंदी आहे. त्यामुळे महापालिकेच्या माणसांनी त्याला ताब्यात घेतलं, बाईंना दंड केला आणि दुसऱ्या दिवशी पिल्लाची रवानगी संडरलंड गावाजवळच्या 'स्टोरी बुक फार्म' या माकडांच्या आश्रयस्थानात केली. बाईंनी ते परत मिळावं म्हणून कोर्टात दावा लावला. आपण त्याची आई आहोत, असं त्या सांगत होत्या.

१३ सप्टेंबर २०१३ रोजी न्यायमूर्ती मेरी व्हॅली यांनी निकाल दिला. मुलाच्या ताब्याचा खटला असता, तर कोर्टाने मुलाचं हित कशात आहे ते पाहिलं असतं. पण माकड हे मूल नव्हे. ऐकायला कठोर वाटलं तरी कायद्याच्या लेखी ती एक मालमत्ता आहे, असं न्यायमूर्तींनी स्पष्ट केलं. पुढचा मुद्दा तर फारच मजेशीर. कुत्रं हरवलं तरी ते मालकाचंच राहतं. वन्य प्राण्यावर मात्र तो ताब्यात आहे तोवरच मालकी. तो निसटला की मालकीही संपली. म्हणजे डार्विनने पिंजऱ्याची कडी काढली तेव्हाच तो कायद्याने बाईंचा राहिला नाही! बाई दावा हरल्या. डार्विन संडरलंडलाच राहिला.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मग आत्ताच हा विषय का, असं कुणी विचारील. कारण असं की, बाई म्हणाल्या 'लेकरू' आणि कायदा म्हणाला 'मालमत्ता', पण या दोन्हींत खुद्द माकडाचं माकडपण कुठेच आलं नाही. आणि विदेशी, दुर्मिळ प्राणी 'मुलासारखे' पाळण्याची हौस काही त्या एका घरापुरती नाही. पोपट, काकाकुवा, शुगर ग्लायडर, इग्वाना, क्वचित माकड, अशी 'बाळं' आता अनेक घरांत आहेत, आणि आपली मराठी घरंही काही वेगळ्या बेटावर नाहीत.

इथे आपल्या भाषेतल्या दोन शब्दांचा फार उपयोग होतो. एक 'लळा' आणि दुसरा 'माणसाळणं'. लळा कुणालाही लागतो. खिडकीशी रोज दाणे टिपायला येणाऱ्या चिमणीचाही लागतो. माणसाळणं ही मात्र एका प्राण्याची किंवा एका घराची गोष्ट नाही. कुत्रा माणसाबरोबर निदान पंधरा हजार वर्षं राहतो आहे, मांजर जवळजवळ दहा हजार वर्षं. पिढ्यान् पिढ्या जे माणसाजवळ टिकले, त्यांची पिल्लं पुढे झाली. म्हणून कुत्र्याच्या पिल्लाला आपल्या घरात राहण्यासाठी स्वतःचा स्वभाव मारावा लागत नाही. त्याला कुणी 'आमचा बाळ्या' म्हटलं, वाढदिवसाला टोपी घातली, तर बिघडत नाही. माकडाचं पिल्लू मात्र आपल्याला लळा लावतं, पण माणसाळत नाही. ते काम एका जन्मात होण्यासारखं नाही.

"पण अहो, ते गळ्यात पडतं हो! सोडतच नाही!" असं अशी पिल्लं पाळणारे कौतुकाने सांगतात. ते खरंच आहे. मात्र ते का बिलगतं हेही बघावं. माकडाचं पोर जन्मल्यापासून आईच्या केसांना धरूनच जगतं. पकड सुटली तर संपलं. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी १९५० च्या दशकात जे प्रयोग केले, ते प्रसिद्ध आहेत. आईपासून तोडलेल्या पिल्लांसमोर त्यांनी दोन खोट्या आया ठेवल्या, एक उघड्या तारेची आणि दुसरी मऊ कापड गुंडाळलेली. दुधाची बाटली तारेच्या आईकडे असली, तरी पिल्लं दूध पिण्यापुरती तिकडे जात आणि बाकी सारा वेळ कापडाला चिकटून बसत. म्हणजे आई नसलेलं पिल्लू चिंधीलाही मिठी मारतं. आपल्या गळ्यात पडलेली ती मिठी आपण प्रेमाची पावती समजतो. मुळात तो पोरकेपणा असतो. आणि तो पोरकेपणा आपोआप येत नाही. विक्रीसाठी पिल्लाला फार लहान असतानाच आईपासून तोडावं लागतं, नाहीतर ते गिऱ्हाइकाला बिलगणार कसं?

पुढची गोष्ट वयाची. जपानी मकाकचा नर चार-पाच वर्षांचा झाला की साधारणपणे आपला जन्माचा कळप सोडतो, दुसरीकडे जातो, तिथे स्वतःची जागा मिळवतो. वजन दहा-अकरा किलो, सुळे धारदार, आणि आयुष्य वीस-पंचवीस वर्षं किंवा अधिक. व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' ही कादंबरी ज्यांनी वाचली असेल, त्यांना वानरांच्या टोळीतलं राजकारण, हाणामाऱ्या, मानपान हे काय प्रकरण असतं, ते वेगळं सांगायला नको. जपानमध्ये कोशिमा बेटावर १९५३ मध्ये इमो नावाच्या एका तरुण माकडिणीने वाळू लागलेली रताळी पाण्यात धुवून खायला सुरुवात केली, आणि हळूहळू तिच्या भावंडांनी, सवंगड्यांनी, आईनेही ते उचललं. माकडाला शिकायला आपलं गणगोत लागतं. आपण त्याला टाळी द्यायला शिकवू, चमच्याने खायला शिकवू, पण माकड व्हायला कोण शिकवणार?

मग ते 'बाळ' वयात येतं, चावतं, घरातल्या लहानांवर दात काढून धावून जातं. काही मालक त्याचे सुळे काढून टाकतात. काही जण त्याला तळघरात पिंजऱ्यात ठेवतात. त्यात मकाक जातीत 'हर्पीज बी' नावाचा विषाणू असू शकतो. माकडाला त्याचा फारसा त्रास होत नाही. माणसाला लागण क्वचितच होते, पण झाली आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर बहुधा जिवावर बेतते. अशी माकडं मग 'स्टोरी बुक फार्म'सारख्या ठिकाणी पोहोचतात.

माकड लांबचं वाटत असेल तर पोपट घ्या. पोपट म्हटलं की आपण हळवे होतो. वाड्याच्या ओटीवर टांगलेला पिंजरा, त्यात हिरवा मिठू, हिरवी मिरची नि पेरूची फोड. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे, हे तिथल्याही कितीतरी घरांना माहीत नसतं. इथे कॅनडात घरी येतो तो बहुधा आफ्रिकन ग्रे किंवा मकाव. आफ्रिकन ग्रे रानातून इतका पकडला गेला की २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय करारानुसार त्याच्या रानातल्या पक्ष्यांचा व्यापार बंद करावा लागला. हा पक्षी थव्यात राहणारा. थव्यातले आवाज शिकून तो आपलेपणा टिकवतो. थवा नसला की तो घरातल्या माणसांचे आवाज शिकतो. 'आई' म्हणतो, फोनची घंटा वाजवतो, खोकतोसुद्धा. आपण दिवसभर कामावर गेलो की काही पक्षी एकटेपणाने स्वतःचीच पिसं उपटतात. शिवाय नीट सांभाळ झाला तर तो चाळीस-पन्नास वर्षं जगतो. पंचावन्नाव्या वर्षी आणलेलं हे 'लेकरू' आपल्या मागे राहणार, हे उघड आहे. मग त्याचं कोण?

कायदा इथे पुरा पडत नाही. ब्रिटिश कोलंबियात २००७ मध्ये पाळलेल्या वाघाने एका महिलेचा जीव घेतला, त्यानंतर २००९ मध्ये तिथे असे धोकादायक विदेशी प्राणी घरी बाळगण्यावर निर्बंध आले. न्यू ब्रन्सविकमध्ये कॅम्पबेल्टन गावी ऑगस्ट २०१३ मध्ये एका अजगराने झोपेत असलेल्या दोन लहान भावांचा बळी घेतला. ओंटारिओत बरंचसं गावोगावच्या नियमांवर सोडलेलं आहे. एका गावात जे चालत नाही, ते शेजारच्या गावात चालतं. म्हणजे निर्णय शेवटी घरातच करायचा आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. आश्रयस्थान म्हणजे तरी काय, दुसरा पिंजराच ना? आणि आपल्या प्रकाश आमट्यांनी नाही का हेमलकशाला बिबटे, अस्वलं, माकडं घरच्यासारखी वाढवली? वाढवली, आणि आपल्याला त्याचा अभिमान आहे. पण त्याची सुरुवात कशी झाली ते बघू. शिकाऱ्यांनी पोटासाठी मारलेल्या एका माकडिणीला तिचं जिवंत पिल्लू बिलगलेलं होतं. आमटे दांपत्याने ते मागून घेतलं. आई आधीच गेली होती. ते अनाथालय आहे आणि तसंच त्याचं नाव आहे. पोरकं झालेल्याला आसरा देणं वेगळं, आणि आपल्याला आसरा हवा म्हणून एखाद्याला पोरकं करणं वेगळं. इथल्या आश्रयस्थानांनाही हाच न्याय लागू. तो पिंजरा आहेच, पण माकडाला पुन्हा रानात जाण्याजोगं आपणच ठेवलेलं नाही, म्हणून तो आहे.

असा प्राणी ज्यांच्या घरी आधीच आहे, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. पण त्याच्या पुढच्या सोयीचा विचार जरूर करावा. असे प्राणी तपासणारा पशुवैद्य शोधावा, आपल्या मागे तो कुठे जाईल हे मृत्युपत्रात लिहून ठेवावं. आणि कंटाळा आला म्हणून तळ्यात-ओढ्यात मात्र सोडू नये. ओंटारिओच्या तळ्यांत सोडून दिलेली गोल्डफिश आणि लाल कानपट्टीची कासवं आज इथल्या जलचरांच्या मुळावर उठली आहेत.

आता नाजूक गोष्ट. प्राण्याला मूल मानण्यामागे बहुतेक वेळा एक रिकामी जागा असते, तिची थट्टा करू नये. कुणाला मूल झालेलं नसतं. कुणाची मुलं कॅल्गरीला, व्हँकुव्हरला निघून गेलेली असतात, आणि जानेवारीत लवकर अंधार पडला की घर खायला उठतं. आपल्या हळदीकुंकवात, गणेशोत्सवात अशा जोडप्याला हटकून विचारलं जातं, "मग, गोड बातमी कधी?" दर वर्षी तोच प्रश्न. पुढे ती दोघं यायची बंद होतात. त्यांच्या घरी मांजराला कुणी 'सोनुली' म्हटलं तर मागे हसायचं, आणि जिवंत माणसांच्या सोबतीला मात्र त्यांना बोलवायचं नाही, हे काही बरं नव्हे. मराठी शाळेला शनिवारी गोष्टी सांगायला माणसं हवी असतात. नव्याने आलेल्या कुटुंबांच्या मुलांना इथे आजी-आजोबा नसतात. ज्यांना घरात चार पायच हवेत, त्यांच्यासाठी ह्युमेन सोसायटीत टाकून दिलेली कुत्री-मांजरं वाट पाहत असतात.

'लेकरू' हा शब्द वापरायचाच तर त्याची अटही मानायला हवी. लेकरू मोठं होतं, आपलं ऐकेनासं होतं आणि एक दिवस निघून जातं. कोट घातलेल्या माकडाकडून, किंवा पंख कापलेल्या पोपटाकडून, नेमकं हेच आपल्याला नको असतं. ते कायम कडेवर मावावं, एवढीच इच्छा असते. आपण सगळे कुणाची तरी निघून आलेली लेकरं आहोत. सांगली-सातारा-नागपूर-दादरच्या घरांत आपल्याला कुणी बांधून ठेवलं नाही. डोळे पुसले आणि विमानतळावर हात हलवला. ज्यांना असं सोडलं गेलं, त्यांना दुसऱ्या जिवाला त्याच्या कळपात राहू देणं फार जड जाऊ नये.