जोर आहे, शिदोरीचे काय?

चाकांमागचे गणित : भाग 9

जुलै 2019 मध्ये फोर्ड कंपनीने एक चित्रफीत प्रसिद्ध केली. विजेवर चालणाऱ्या एफ-150 पिकअपचा नमुना दहा दुमजली मालडबे ओढतो आहे आणि त्या डब्यांत त्याच कंपनीच्या 42 पिकअप गाड्या उभ्या आहेत. सगळे मिळून वजन साडेबारा लाख पौंड, म्हणजे 567 टन. अंतर हजार फूट. बघणाऱ्याने तोंडात बोट घालावे यासाठीच हा खटाटोप होता, आणि लोकांनी ते घातलेही.

आता जरा हिशेब मांडू. पोलादी रुळावर पोलादी चाकाला विरोध फार थोडा होतो. सपाट रुळावर गाडी एकदा हलली की तिच्या वजनाच्या हजारात एक-दोन भाग एवढा जोर पुरतो. इथे तो टनभर धरा. हजार फूट म्हणजे तीनशे मीटर. एवढ्या कामाला आपल्या वीजबिलावरचे पुरते एक युनिटही लागत नाही. गाडीला वेग देणे आणि मधली गळती जमेस धरली तरी दीड युनिटात खेळ आटोपतो. चित्रफितीत लबाडी नव्हती, पण जो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता त्याचे उत्तर तिने मोठ्या थाटात दिले. विजेची मोटर जोरात कमी पडेल, असे यंत्रातले कळणारा माणूस म्हणणारच नाही.

आपल्याकडे पिकअप म्हणजे मागच्या हौद्यात भाजीचे क्रेट रचून मार्केट यार्डात शिरणारी गाडी. अमेरिकेत तिच्या मागे ट्रेलर लागतो. त्यावर बोट असते, घोडे असतात, गवताच्या गाठी असतात, नाहीतर अख्खे चाकांवरचे घर. म्हणून तिथे गिऱ्हाईक आधी विचारते, ओढते किती? लाइटनिंग या नावाने 2022 मध्ये बाजारात आलेली विजेची एफ-150 योग्य साधनांसह दहा हजार पौंड, म्हणजे साडेचार टन ओढते. तिचा टॉर्क 1,050 न्यूटन-मीटर. फोर्डच्याच सुपर ड्यूटी मालिकेतल्या 6.7 लिटरच्या जोरकस डिझेल इंजिनाचा टॉर्क 1,627. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाद घालणाऱ्यांना मागच्या भागाची आठवण करून देतो. डिझेलचा टॉर्क पहिल्या गिअरमधून चाकापर्यंत पोहोचेतो पंधरापटीहून अधिक होतो, आणि विजेची मोटर शून्य फेऱ्यांपासूनच पूर्ण टॉर्क देते. जागेवरून उचलण्यात विजेची गाडी कुठेही मार खात नाही. बोट पाण्यातून उताराच्या धक्क्यावर ओढून काढायची असेल तर मी डोळे झाकून तिच्याच बाजूने कौल देईन. इंचाइंचाने सरकते, ना धूर ना धडधड.

खरी अडचण आहे शिदोरीची. एक लिटर डिझेलमध्ये साधारण 10 युनिट ऊर्जा असते. सुपर ड्यूटीची टाकी 129 लिटरची धरली तर तेराशे युनिट झाले. त्यातला मोठा भाग उष्णता होऊन वाया जातो, तरी साडेचारशे-पाचशे युनिट कामी येतात. त्या डिझेलचे वजन एकशेदहा किलोच्या आत. लाइटनिंगची मोठी बॅटरी 131 युनिटची. तिच्यात वाया फार थोडे जाते, पण चाकांशी पोहोचणार एकशेपंधराच्या आसपास. आणि वजन पाऊण टनाहून अधिक! डिझेलची बरोबरी करायला चार बॅटऱ्या लागतील, मग गाडी ट्रेलर ओढणार की स्वतःला? शेवरलेच्या विजेच्या सिल्व्हराडोने बॅटरी 200 युनिटच्या पुढे नेली खरी, पण गाडी चार टनांच्या घरात गेली.

ही शिदोरी खाते कोण? पुष्कळांना वाटते, वजन. हमरस्त्यावर खरा खादाड आहे वारा. प्रवासी ट्रेलर अडीच मीटर रुंद आणि तीन मीटरहून उंच, सरळ भिंतच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 105 वरून 90 वर आलात तर दर किलोमीटरमागे हवेवर होणारा खर्च पाव भागाने उतरतो. म्हणूनच पूर्ण चार्जवर एरवी पाचशे किलोमीटर जाणारी गाडी उंच ट्रेलर लावला की दीडशे-पावणेदोनशेवर येते, आणि ट्रेलर दुप्पट जड असला तरी त्या अंतरात फारशी आणखी घट होत नाही. डिझेलची तहानही ट्रेलरमागे दुपटीने वाढते बरे का! फक्त टाकी मोठी आणि भरायला पाच-दहा मिनिटे, म्हणून ते टोचत नाही.

वजनाचा हिशेब द्यावा लागतो तो घाटात. कोलोरॅडोत आंतरराज्य महामार्ग 70 वर सिल्व्हरथॉर्नपासून आयझेनहॉवर बोगद्यापर्यंतचा चढ सुमारे 13 किलोमीटरचा आहे, कुठे कुठे सात टक्के. बोगदा 3,400 मीटर उंचीवर, चढाई सातशे मीटरची. तीन टनांची गाडी आणि साडेचार टनांचा ट्रेलर एवढ्या उंचीवर न्यायला 14 युनिट लागतात. हवा, टायर आणि गळती धरली तर पंचवीसेक. तेरा किलोमीटरात पाचवा हिस्सा बॅटरी फस्त! तिथली हवा जवळपास तीस टक्के विरळ. डिझेलला टर्बो सावरून घेतो, मोटरला हवेशी देणेघेणेच नाही. उतारावर मात्र विजेची गाडी बाजी मारते. डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक सगळी ऊर्जा उष्णता करून सोडून देतो, मोटर तिच्यातला काही वाटा बॅटरीत परत भरते. अर्थात बॅटरीत जागा असेल तर. घाटमाथ्यावर पूर्ण चार्ज करून उतरणाऱ्याला हा लाभ नाही.

मग चार्जिंग. लाइटनिंगला वेगवान चार्जरवर 15 टक्क्यांवरून 80 पर्यंत यायला चाळीसेक मिनिटे लागतात. मिळाले किती? ट्रेलरसह शंभर-एकशेदहा किलोमीटर. तासभर गाडी हाकायची आणि चाळीस मिनिटे थांबायचे. त्यात बहुतेक चार्जरच्या जागा मोटारीपुरत्या. आधी ट्रेलर सोडा, कुठेतरी लावा, चार्ज करा, पुन्हा जोडा. कुटुंबासह सुट्टीला निघालेल्याचा जीव याने मेटाकुटीला येतो. गावातल्या गावात खोदयंत्र हलवणाऱ्या, रात्री दारातच चार्ज करणाऱ्या कंत्राटदाराला यातले काहीच भोगावे लागत नाही, आणि कामावर गेल्यावर गाडीतूनच करवत-ड्रिलला वीज मिळते. त्याला डिझेल घे म्हणणे मला तरी जमणार नाही.

रेल्वेने हा गुंता फार पूर्वी सोडवला, पण तिची सोय वेगळी. बोरघाटातला 37 ला 1 चा चढ विजेची इंजिने 1930 च्या आसपासपासून चढत आली आहेत, कारण शिदोरी त्यांच्या पाठीवर नसून डोक्यावरच्या तारेत आहे. जिथे तार नव्हती तिथे, कोकण रेल्वेवर 2022 पर्यंत होते तसे, डिझेल इंजिन जनरेटर फिरवत होते आणि चाके ओढत होत्या विजेच्या मोटरी. डिसेंबर 2025 मध्ये फोर्डने निव्वळ विजेवरच्या लाइटनिंगचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. पुढच्या पिढीतही चाके मोटरीच फिरवतील, सोबत वीज बनवायला एक इंजिन असेल. ते केवढे असावे, याचा हिशेब पुढच्या आठवड्यात.