छावणीतले दोन महिने

फौजेतल्या कॅथलिक धर्मगुरूचे चित्र म्हटले की दोन प्रसंग हटकून पुढे येतात. २ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्गच्या रणांगणावर आयरिश ब्रिगेड चढाईला निघत असताना फादर विल्यम कॉर्बी एका खडकावर उभे राहिले आणि समोर गुडघे टेकलेल्या शिपायांना त्यांनी एकाच वेळी पापमुक्ती दिली. पुढे १९१० मध्ये त्याच जागी त्यांचा पुतळा उभा राहिला. दुसरा प्रसंग पहिल्या महायुद्धातला, मे १९१५ मधला आहे. ऑबर्स रिजच्या लढाईच्या आदल्या संध्याकाळी फादर फ्रान्सिस ग्लीसन घोड्यावर बसून रॉयल मन्स्टर फ्युजिलिअर्सच्या जवानांना तीच पापमुक्ती देत आहेत, आणि फोर्तुनिनो मातानिया या चित्रकाराने तो क्षण घराघरांत पोचवला. हे प्रसंग खरे आहेत आणि हृदय हलवणारेही आहेत. पण त्यांनी आपली दिशाभूल केली आहे, असे माझे मत आहे. या माणसांची खरी कमाई रणांगणावरची नसून त्याआधीच्या छावणीतली असते. तिथे शिपाई अजून जिवंत असतो, कंटाळलेला असतो, घरच्या काळजीत असतो आणि त्याच्याशी बोलायला वेळ असतो. न्यूयॉर्कच्या ६९ व्या रेजिमेंटचे फादर फ्रान्सिस डफी यांचे १९१७ मधले काम पाहिले तर हे पटायला हरकत नाही.

डफी मूळचे कॅनडातल्या ओन्टारिओचे. त्यांचा जन्म १८७१ चा आणि गुरुदीक्षा १८९६ ची. त्यांची उमेदीची वर्षे डनवुडीच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली. तिथून निघणाऱ्या ‘न्यूयॉर्क रिव्ह्यू’ या विद्वत्तापूर्ण नियतकालिकाच्या संपादनाचा भार त्यांच्यावर होता. आधुनिकतावादाविरुद्ध रोममध्ये वारे वाहू लागल्यावर १९०८ मध्ये ते बंद पडले. पुढे ब्रॉन्क्समधल्या एका नव्या धर्मग्रामाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. ग्रंथांत रमणारा हा प्राध्यापक तिथे गल्लीबोळांतल्या कुटुंबांत मिसळायला शिकला, आणि छावणीत हेच शिक्षण उपयोगी पडले. १९१४ पासून ते ६९ व्या रेजिमेंटचे चॅप्लिन होते आणि १९१६ मध्ये तिच्याबरोबर मेक्सिकोच्या सीमेवर राहूनही आले होते. ही रेजिमेंट म्हणजे न्यूयॉर्कच्या आयरिश समाजाचा अभिमान, कॉर्बींच्या आयरिश ब्रिगेडमधलीच एक पलटण.

ऑगस्ट १९१७ मध्ये रेजिमेंट लाँग आयलंडवरच्या कॅम्प मिल्समध्ये दाखल झाली. हेम्पस्टेडच्या सपाट माळावर नुसते तंबू, आणि त्यांत सव्वीस राज्यांतून गोळा केलेले सुमारे सत्तावीस हजार लोक. हीच ४२ वी ‘रेनबो’ डिव्हिजन. ६९ व्या रेजिमेंटचा नंबर बदलून १६५ झाला. संख्या ३,६०० च्या आसपास नेण्यासाठी न्यूयॉर्कच्याच इतर रेजिमेंटमधून शेकडो शिपाई तिच्यात ओतले गेले. जुन्या मंडळींना नवे परके, नव्यांना जुने आढ्यताखोर. त्यात अलाबामाची रेजिमेंट त्याच डिव्हिजनमध्ये आली. या दोन राज्यांच्या फौजा यादवी युद्धात एकमेकींवर तुटून पडल्या होत्या, आणि आता त्यांच्या नातवंडांच्या मारामाऱ्या कॅम्प मिल्समध्ये झाल्या. अशा गर्दीत ओळख आपोआप होत नसते, ती करून द्यावी लागते. आयरिश कॅथलिक, प्रॉटेस्टंट, ज्यू अशा सगळ्यांच्या तंबूंत ज्याला निमित्ताशिवाय जाता येते, ज्याच्यापुढे सलाम ठोकून गप्प बसावे लागत नाही, असा अधिकारी रेजिमेंटमध्ये एकच होता. चॅप्लिनला हुद्दा असतो पण हुकूम देण्याचा अधिकार नसतो. या उणिवेतच त्याचे बळ आहे.

त्याच्या दिवसाचे काम पाहिले की ‘आध्यात्मिक’ या शब्दाची व्याप्ती किती मोठी आहे हे कळते. त्या काळच्या नियमाप्रमाणे ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून अन्नपाणी वर्ज्य. म्हणून मिस्सा न्याहारीच्या आधी व्हायला हवी आणि कवायतीच्या वेळापत्रकात तिची जागा भांडून मिळवायला हवी. वेदी म्हणजे एका पेटीत मावणारा संच: पवित्र अवशेष बसवलेली छोटी शिळा, प्याला, मेणबत्त्या. पापनिवेदन ऐकायला जाळीची खोली कुठली? गळ्यात स्टोल घालून तंबूच्या कोपऱ्यात किंवा माळावर बसायचे. हे ऐकण्याची परवानगीही त्या काळी त्या त्या ठिकाणच्या बिशपच्या हाती असे. डफी न्यूयॉर्कच्या धर्मप्रांताचे, तर कॅम्प मिल्स ब्रुकलिनच्या धर्मप्रांतात. सैन्यासाठी स्वतंत्र बिशप म्हणून पॅट्रिक हेज यांची नेमणूक नोव्हेंबर १९१७ मध्ये झाली, तोवर ही रेजिमेंट कॅम्प मिल्स सोडून गेली होती. मग लग्ने. जहाज सुटण्याआधी लग्न उरकून घेण्याची तरुणांना घाई आणि चर्चचा आग्रह असा की लग्न धर्मगुरू व दोन साक्षीदारांसमोरच वैध. बाप्तिस्म्याचे दाखले मागवणे, मुलीच्या घरच्यांशी बोलणे, कधी नवऱ्या मुलाला थांबवणे, हे सगळे त्यात आले. आणि पैसा. शिपायाचा पगार महिना तीस डॉलर. ऑक्टोबर १९१७ च्या कायद्याने बायकोमुलांसाठी त्यातले पंधरा सक्तीने कापून घरी पाठवायचे ठरले आणि दहा हजार डॉलरपर्यंतचा विमा खुला झाला. फॉर्म समजावून सांगणे हे धर्मगुरूचे काम नव्हे असे कुणी म्हणेल. पण आपण मेलो तर आई कशी जगेल या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या फॉर्मवर लिहिलेले होते. ते बाजूला सारून मरणाबद्दल बोलणे मला पोकळ वाटते.

यावर कॅथलिक वाचकच एक भक्कम आक्षेप घेईल. संस्काराची शक्ती धर्मगुरूच्या ओळखीवर अवलंबून नसते. अनोळखी धर्मगुरूने दिलेली पापमुक्तीही तितकीच खरी. मग ओळखीचा एवढा आग्रह कशाला? सिद्धान्त निर्विवाद आहे. पण सामूहिक पापमुक्ती ही निकडीची सवलत आहे. माणसाच्या मनात पश्चात्ताप असावा आणि जगला तर त्याने पुढे रीतसर पापनिवेदन करावे, ही तिची अट आहे. तो पश्चात्ताप तोफांच्या आवाजात दोन मिनिटांत उपजेलही, पण बहुधा त्याची मशागत आधी झालेली असते. दहा वर्षे चर्चची पायरी न चढलेला शिपाई छावणीत तीनचारदा सहज भेटलेल्या माणसापुढे तोंड उघडतो. शिवाय शिपाई मेल्यानंतरही काम उरते. त्याच्या घरी पत्र लिहायचे असते. त्या पत्रात मुलाला ओळखणाऱ्या माणसाचे एक वाक्य आणि छापील सांत्वन यांत काय अंतर आहे, हे आईलाच कळते. डफींनी युद्धानंतर लिहिलेले पुस्तक साध्या शिपायांच्या नावांनी भरलेले आहे. सेनापतींच्या डावपेचांपेक्षा कोण कुठे पडला याची नोंद त्यांना महत्त्वाची वाटली. फ्रान्समध्ये या रेजिमेंटचे सहाशेहून अधिक लोक मारले गेले. एवढ्या नावांमागचे चेहरे ठाऊक असण्याची सुरुवात हेम्पस्टेडच्या माळावर झाली होती.

जॉइस किल्मर हा कवी त्यांतलाच एक. तो १९१३ मध्ये कॅथलिक झाला होता आणि दुसऱ्या रेजिमेंटमधून मुद्दाम ६९ व्या रेजिमेंटमध्ये बदलून आला. कूच व्हायच्या सुमारास, सप्टेंबरमध्ये, त्याची लहानगी मुलगी रोझ वारली आणि काही दिवसांतच मुलगा जन्मला. अशा बापाला युद्धावर पाठवताना कोणता उपदेश पुरेल? ३० जुलै १९१८ रोजी ऊर्क नदीजवळ तोही पडला. रेजिमेंटचा इतिहास तो लिहीत होता. ते काम डफींनी पुढे नेले आणि किल्मरचे लिखाण आपल्या पुस्तकात परिशिष्ट म्हणून जोडले.

दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे आणि तो टाळू नये. धर्मगुरू छावणीत माणसांची मने शांत करतो, म्हणजे त्यांना मारायला आणि मरायला सोपे करतो. सरकार त्याला पगार देते तो याच कामाचा. १९१७ मध्ये या आक्षेपाला विशेष धार होती. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी त्याच ऑगस्टमध्ये लढणाऱ्या राष्ट्रांना शांततेचे आवाहन करून या युद्धाला निरर्थक कत्तल म्हटले होते. त्याच महिन्यात त्यांचाच एक धर्मगुरू कॅथलिक पलटण घेऊन छावणीत उतरत होता. वर इंग्लंडच्या बाजूने लढायचे होते, आणि डब्लिनच्या बंडाच्या नेत्यांना इंग्लंडने गोळ्या घालून जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. डफींची या युद्धाच्या न्याय्यतेवर श्रद्धा होती. अमेरिकेतल्या कॅथलिकांची देशनिष्ठा रक्ताने सिद्ध होईल असेही त्यांना वाटत असे. १९२७ मध्ये न्यूयॉर्कचे कॅथलिक गव्हर्नर अल स्मिथ यांच्या निष्ठेवर जाहीर शंका घेतली गेली तेव्हा उत्तर तयार करायला डफीच मदतीला आले. या बाबतीत ते सरकारच्या अगदी जवळ उभे होते, हे मान्य करायलाच हवे.

तरीही त्यांना फौजेचे हत्यार म्हणणे मला पटत नाही. पापनिवेदनात ऐकलेला शब्द कर्नललाही सांगता येत नाही. भ्यालेल्या, पळून जाऊ पाहणाऱ्या, चोरी केलेल्या शिपायाला सबंध छावणीत कायद्याच्या पलीकडचा एकच कान होता, आणि तो कान फौजेच्या ताब्यात नव्हता. युद्धात उतरायचे की नाही हे डफींनी ठरवले नव्हते, त्या शिपायानेही नव्हते. जायचे ठरलेच आहे तर त्याला एकटे जाऊ द्यायचे का, एवढाच प्रश्न धर्मगुरूपुढे होता. त्याने घरी बसावे म्हणणाऱ्याने शिपायाच्या त्या एकटेपणाचे काय करायचे तेही सांगायला हवे. भारतीय सैन्यानेही आपल्या पलटणींना पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री दिले आहेत, आणि तिथेही हाच प्रश्न लागू पडतो.

सैन्याने यातून धडा घेतला, पण अर्धवट. मार्च १९१८ मध्ये फोर्ट मन्रो इथे चॅप्लिनांची शाळा निघाली, लवकरच ती केंटकीतल्या कॅम्प झॅकरी टेलरमध्ये गेली. मे महिन्यात दर १,२०० माणसांमागे एक चॅप्लिन असा कायदा झाला. डफींच्या वाट्याला याच्या तिप्पट माणसे होती. संख्या सुधारली, ती सुधारायलाच हवी होती. पण शाळेतून निघालेला धर्मगुरू थेट आघाडीवरच्या परक्या पलटणीत धाडला, तर बाराशे हा आकडा त्याला ती माणसे ओळखून देत नाही. चॅप्लिनची नेमणूक पलटण उभी राहते त्या दिवशीच व्हावी आणि तिच्याबरोबरच त्याने जहाजात चढावे, ही मागणी करायला कॅम्प मिल्सचे ते दोन महिने पुरेसा आधार देतात.