असंखेय्य : अगणित की गणलेली संख्या?

जातकट्ठकथेच्या निदानकथेत सुमेध तापसाची कथा येते. तिचा काळ चार असंखेय्य आणि एक लक्ष कप्पांपूर्वीचा सांगितला आहे. विहारातील वाचनात हे शब्द आले की काही उपासक भक्तिभावाने हात जोडतात, तर काही सुशिक्षित तरुण ही भाकडकथा म्हणून सोडून देतात. संख्येचा विचार मात्र दोघेही करीत नाहीत. तो येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

'असंखेय्य' या शब्दाचा अर्थ 'ज्याची गणना होत नाही ते' असा आहे. परंतु कच्चायनाच्या पालि व्याकरणात ते एका निश्चित संख्येचेही नाव आहे. तेथे कोटीची कोटीपट ती पकोटि, पकोटीची कोटीपट ती कोटिप्पकोटि, असा क्रम आहे. कोटीत सात शून्ये असतात आणि प्रत्येक पायरीवर आणखी सात वाढतात. नहुत, निन्नहुत, अब्बुद, निरब्बुद, अहह अशी नावे घेत विसाव्या पायरीवर असंखेय्य येते. ७ × २० = १४०; म्हणजे एकावर १४० शून्ये, एकूण १४१ अंक.

या संख्येचे गुणधर्म कागदावर सहज सिद्ध करता येतात. दहाव्या पायरीवरील अहहात ७० शून्ये आहेत. म्हणून असंखेय्य हा अहहाचा पूर्ण वर्ग होय. त्याचे मूळ अवयव केवळ २ आणि ५, प्रत्येकी १४० वेळा. त्यामुळे त्याचे एकूण विभाजक १४१ × १४१, म्हणजे १९,८८१ होतात. त्यातून एक वजा केल्यास १४० नऊ उरतात. म्हणून ३ ने वा ९ ने भागल्यास बाकी एकच राहते. ज्या संख्येच्या अलीकडची व पलीकडची संख्या सांगता येते, ती कितीही मोठी असली तरी अनंत नव्हे.

तथापि एक सावधगिरी आवश्यक आहे. कोकालिक सुत्तात वीस अब्बुदांचा एक निरब्बुद होतो. व्याकरणात मात्र कोटी अब्बुदांचा. नाव तेच, मूल्य भिन्न. म्हणून निदानकथेतील असंखेय्याच्या जागी घाईने १४० शून्ये मांडणे योग्य नव्हे. तेथे 'अगणित' हा मूळ अर्थही संभवतो. परंतु अनंतात लक्ष मिळविल्याने काहीच वाढत नाही. निदानकथेने मात्र त्या एक लक्ष कप्पांचा हिशेब वेगळा ठेवला आहे, हेही लक्षात घ्यावे.

जे बुद्धिसंगत व तर्कसंगत तेच बुद्धवचन मानावे, ही कसोटी बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात घालून दिली आहे. ती लावावयाची तर ग्रंथातील शब्द कोणत्या अर्थाने आला आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. वंदन असो वा त्याग, तो त्यानंतरचा प्रश्न आहे.