वाळूत झोपणारे, कोशात झोपणारे

सिंगापूरच्या रिव्हर व्हॅली रोडवर १९५५ साली व्हॅन क्लीफ मत्स्यालय उघडलं, आपल्या मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवालानंतर चार वर्षांनी. समुद्रातला रंगीत मासा बघायचा तर तेव्हा तिकीट काढावं लागे. व्हॅन क्लीफ १९९१मध्ये बंद झालं, त्याच वर्षी सेंटोसावर अंडरवॉटर वर्ल्ड सुरू झालं. २०१६मध्ये त्याचंही दार लागलं. एव्हाना प्रवाळमासे एचडीबीच्या सरकारी सदनिकांच्या दिवाणखान्यांत येऊन स्थिरावले होते. तयार समुद्री मीठ, पाण्यातली घाण काढणारा स्किमर आणि इथल्या उकाड्यात ज्याच्यावाचून पान हलत नाही तो चिलर, एवढ्यावर पाणी राखण्याचा प्रश्न बराचसा मिटला. या प्रवाळमाशांपैकी रॅस माशांची ओळख पटवण्याचा मात्र मिटला नाही.

हा नुसता नावांचा शौक नव्हे. रॅसला रात्री अंथरूण कुठलं लागेल, ते त्याच्या प्रजातीवर ठरतं. हॅलिकोइरीस आणि लेपर्ड रॅस अंधार पडायच्या आत वाळूत घुसतात. त्यांना काही इंच बारीक वाळू हवीच. फेअरी आणि फ्लॅशर रॅस खडकाच्या फटीत स्वतःभोवती चिकट कोश विणून झोपतात, त्यांना वाळू असली काय, नसली काय. आता दुकानांत वर्षानुवर्षं ‘यलो कोरिस’ म्हणून विकला जाणारा पिवळाजर्द मासा घ्या. तो कोरिस नाहीच, हॅलिकोइरीस क्रायसस आहे. जॉन रँडॉल यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन १९८१मध्ये केलं. सुदैवाने कोरिसही वाळूतच झोपतात, म्हणून ही चूक माशाला भोवली नाही. (टाकीवर जाळीचं झाकण मात्र दोन्ही गटांना हवं. घाबरलेला रॅस सरळ बाहेर उडी मारतो.)

गोंधळ घालण्यात दुकानदार एकटे नाहीत. बटाव्हियात राहिलेला डच लष्करी डॉक्टर पीटर ब्लीकर याने १८६२मध्ये आपल्या प्रचंड मत्स्यग्रंथाचा पहिला खंड काढला, तोच मुळी पोपटमासे आणि रॅस यांच्यावर. सिंगापूरच्या प्रवाळांत आजही दिसणाऱ्या हॅलिकोइरीस मेलॅन्युरसला ते नाव त्यानेच दिलं. शिवाय वेगळ्या वाटलेल्या माशाला दिलेलं होएव्हेनी हे नावही त्याचंच, आणि पुढे दोन्ही मासे एकच निघाले. त्याला दोष देववत नाही. पिल्लू, मादी आणि नर यांचे रंग इतके वेगळे, त्यातून बरणीतल्या मद्यार्कात तेही उडालेले. वर पुष्कळ रॅस जन्मतः मादी असून पुढे नर होतात. डी. आर. रॉबर्टसन यांनी १९७२मध्ये क्लीनर रॅसबद्दल दाखवलं, की नर नाहीसा झाला तर थोरली मादी काही तासांत नरासारखी वागू लागते आणि दोनेक आठवड्यांत तिच्यात शुक्राणूही तयार होतात. फेअरी रॅसच्या घोळक्यात मोठ्या मादीचा रंग असाच पालटतो. मासा तोच, पण पुस्तकातलं चित्र जुळेनासं होतं.

माझ्या मते या साऱ्या मागोव्यातलं सर्वांत बोलकं प्रकरण मालदीवचं. चागोस बेटांजवळच्या एका अल्पवयीन नमुन्यावरून १९८३मध्ये सिरिलॅब्रस रुब्रिस्क्वामिस हे एका फेअरी रॅसचं नाव आलं. नव्वदच्या दशकात मालदीवला गुलाबी-किरमिजी मासे मिळाले, तेव्हा ते याचेच प्रौढ असावेत असं सर्व जण धरून चालले. मत्स्यशौकिनांच्या बाजारातही ते त्याच नावाने फिरले. २०२२मध्ये यी-काई टी, अहमद नजीब आणि सहकाऱ्यांनी खवल्यांची संख्या, काट्यांची उंची आणि डीएनए ताडून पाहिले आणि ही जात निराळी ठरवली: सिरिलॅब्रस फिनिफेन्मा. विज्ञानाने बारसं करायच्या आधीच तिचा बाजार मांडला गेला होता.

सेरांगून नॉर्थच्या गल्ल्यांत किंवा पासिर रिस फार्मवेवर फेअरी रॅस बघताना मी म्हणूनच आधी नाव विचारत नाही, मासा कुठल्या पाण्यातून आला ते विचारतो. इंडोनेशिया, फिलिपिन्स की मालदीव, एवढं कळलं तरी निम्म्या शक्यता गळतात. मग शेपटीचा आकार आणि पाठीवरच्या पंखाचे पहिले काटे बघायचे. रंग सर्वांत शेवटी.