वर्गातील चंद्रोदय

चंद्राच्या कला समजावून सांगणारी जी आकृती आपल्या शालेय पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या छापली जात आहे, ती शास्त्रदृष्ट्या निर्दोष असूनही मुलांच्या मनात उतरत नाही, याचे कारण ती कोणाच्या दृष्टीने काढलेली आहे, यात शोधावे लागते. मध्यभागी पृथ्वी, तिच्याभोवती वर्तुळावर मांडलेले आठ चंद्र आणि एका कडेने येणारे सूर्यकिरण, हा देखावा उत्तर ध्रुवाच्या वर, अंतराळात कोठे तरी दूर उभ्या असलेल्या द्रष्ट्याचा आहे. आणि ज्या मुलाने तो समजून घ्यावयाचा, ते तर आपल्या अंगणात मान वर करून उभे असते. बाहेरून दिसणारे आणि आतून दिसणारे अशा या दोन देखाव्यांची सांगड मनातल्या मनात घालणे प्रौढांनाही सहसा साधत नाही. १९८७ सालच्या ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ या अनुबोधपटात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभास जमलेल्या विद्यार्थी, अध्यापक व माजी विद्यार्थी अशा २३ जणांना ऋतू अथवा चंद्रकला यांचे कारण विचारले गेले, तेव्हा २१ जणांच्या समजुतीत मूलभूत चूक निघाली. पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा होतो, असे पुष्कळांचे मत पडले. वस्तुतः ती सूर्याला सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी, ऐन थंडीत.

ही सांगड घालण्याचा मला ठाऊक असलेला सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे खेळ, आणि तोही असा की ज्यात मूल स्वतःच पृथ्वी होते. वर्गाच्या खिडक्या झाकून मधोमध एक उघडा दिवा लावावा, तो सूर्य. प्रत्येक मुलाच्या हाती पेन्सिलीला टोचलेला पांढरा गोळा द्यावा, तो चंद्र. मुलाचे डोके ही पृथ्वी, आणि नाकाच्या शेंड्यावर आपले गाव. हात लांब करून, गोळा डोक्याहून किंचित उंच धरून मूल दिव्याकडे तोंड करते, तेव्हा गोळ्याची काळी बाजू त्याच्याकडे असते, ती अमावास्या. तसेच गोळ्यासह डावीकडे वळू लागले की उजव्या कडेला प्रकाशाची कोर उमटते, पाव फेरी झाली की शुक्ल अष्टमीचा अर्धा चंद्र दिसतो, आणि दिव्याकडे पाठ होताच पौर्णिमा. त्या क्षणी कोणी गोळा डोक्याच्या पातळीला खाली आणला, तर डोक्याची सावली त्यावर पडून ग्रहण लागते. पृथ्वीच्या सावलीमुळे कला होतात, ही बद्धमूल समजूत तेथेच, व्याख्यानावाचून निकालात निघते, कारण सावली फक्त पौर्णिमेलाच पडू शकते हे मुलाने स्वतः पाहिलेले असते. मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही, हा प्रश्न मुलेच विचारतात, आणि चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली आहे हे सांगण्याचा खरा प्रसंग तोच असतो.

परंतु आपल्याकडील मुलांसाठी या खेळातील सर्वांत मोलाचा भाग याच्या पुढचा आहे. संकष्टीचा उपवास ज्या घरात पाळला जातो, तेथील मुलाला चंद्रोदयाची वेळ पंचांगातून वाचून दाखविण्याचा शिरस्ता परिचयाचा असतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताबरोबर उगवतो आणि चतुर्थीचा मात्र रात्री नऊच्या आगेमागे, हे त्याने भुकेल्या पोटी अनुभवलेले असते, पण का, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आता त्याने डावा हात पूर्व व उजवा हात पश्चिम मानून जागच्या जागी डावीकडे गिरकी घ्यावी, आणि चंद्राचा गोळा दिव्याच्या बरोबर समोरील दिशेला एका सोबत्याने धरून ठेवावा. दिवा उजव्या हाताआड मावळतो त्याच वेळी चंद्र डाव्या हातापाशी उगवतो. मग सोबत्याने गोळा चार दिवसांच्या हिशेबाने तसाच डावीकडे पुढे सरकवावा. दिवा मावळला तरी चंद्र दिसत नाही. गिरकी आणखी थोडी घ्यावी लागते, आणि ही अधिक गिरकी म्हणजेच चंद्रोदयाचा विलंब, दिवसाला सरासरी पन्नास मिनिटांचा.

याच्याही पुढे जाणाऱ्या शिक्षकाने भिंतींवर सत्तावीस नक्षत्रांची नावे क्रमाने लावावी. पृथ्वी झालेली मुलगी दिव्याभोवती सावकाश चालते, चंद्र झालेला मुलगा तिच्याभोवती. चित्रा नक्षत्राच्या पाटीसमोर पौर्णिमा झाली, तो महिना चैत्र. चंद्र फेरी पुरी करून २७.३ दिवसांनी पुन्हा चित्रेपाशी येतो. पण एवढ्यात पृथ्वी पुढे गेलेली असल्यामुळे पौर्णिमा होत नाही, त्यासाठी त्याला आणखी दोन दिवस चालून विशाखेपाशी जावे लागते, आणि महिना होतो वैशाख. अशा २९.५ दिवसांच्या बारा महिन्यांचे ३५४ दिवस भरतात, सौर वर्षाला अकरा कमी पडतात. अधिक मासाची तजवीज कशासाठी केली गेली, याचा उलगडा पाचवी-सहावीच्या मुलांनाही या ठिकाणी होतो. आपल्या कालगणनेत गोठलेले इतके ज्ञान मुलांना केवळ पाठांतरासाठी देण्यात येते, याचे मला मनापासून दुःख होते.

मैदानावर जागा असेल तर ग्रहांचाही खेळ मांडता येतो. उत्तर आयर्लंडमधील आर्मा वेधशाळेच्या आवारात २००४ साली अशी चालण्याची ग्रहमालाच फरशांवर आखण्यात आली, तीत पृथ्वीच्या कक्षेवरील एक पाऊल सोळा दिवसांचे आहे. आपल्याला चुन्याच्या रेघा पुरतात: दोन मीटर त्रिज्येवर पृथ्वी, तीन मीटरवर संथ चालणारा मंगळ. पृथ्वी मंगळाला मागे टाकते त्या सुमारास ती मंगळाच्या पलीकडील झाडांकडे पाहील, तर मंगळ झाडांच्या मानाने मागे सरकताना दिसतो. वक्री होणे ते हेच.

या खेळांत अंतरांचे प्रमाण मात्र खोटे असते, आणि ते मुलांपासून लपवू नये. बास्केटबॉल ही पृथ्वी मानली तर टेनिसचा चेंडू हा चंद्र होतो. तो किती दूर धरावा असे विचारल्यास मुले बहुधा दोन-तीन हातांवर धरतात, खरे अंतर सात मीटर. त्या मापाने सूर्य सव्वीस मीटर व्यासाचा, पावणेतीन किलोमीटरवर.

कोणत्या ग्रहाला चंद्र किती, अशा प्रश्नमंजूषेलाही हल्ली खेळ म्हटले जाते. तिच्यात स्पर्धेची गंमत असेल, परंतु आकाशाची समज तिने वाढत नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील संशोधकांनी महाराष्ट्रातील मुलांना खगोल शिकविताना हातवारे व शारीरिक अभिनय यांचा पद्धतशीर उपयोग केला, तो याच कारणासाठी की अवकाशातील दिशा शरीराला आधी कळतात. शिक्षकाने एवढेच पथ्य पाळावे: प्रत्येक हालचालीपूर्वी काय दिसेल याचा अंदाज मुलांकडून वदवून घ्यावा आणि उत्तर सांगण्याची घाई करू नये. एका तासिकेत हे होत नाही. शिक्षणखात्याने वेळापत्रकात तशी मुभा ठेवली पाहिजे.

पाठ शुक्ल पक्षात ठेवावा, म्हणजे खेळ संपल्यावर अष्टमीच्या सुमारास दुपारी चार वाजता मुलांना मैदानावर नेता येते. चंद्र त्या वेळी पूर्वेच्या बाजूला चांगला वर आलेला असतो. तोच पांढरा गोळा उन्हात चंद्राच्या दिशेने धरावा. गोळ्याची जेवढी आणि जी बाजू उजळते, तेवढी आणि तीच चंद्राचीही उजळलेली असते.